टीव्हीतल्या बाई

जयमाला साळवे बाईंना शिकवायला लागून सव्वीस वर्षं झाली होती आणि आता त्यांच्या वर्गात एकही मूल नव्हतं.

वस्तीवरच्या त्यांच्या शाळेचा पट चारवर आला, तेव्हा ती शेजारच्या गावच्या शाळेत मिसळली. बाईंचा आवाज खणखणीत, फळ्यावरचं अक्षर सुरेख. म्हणून त्यांना तालुक्याच्या गावी, अकोले इथे, ऑनलाइन वर्गावर पाठवलं. एक खोली, एक फळा आणि स्टँडवर कॅमेरा. रोज अकरा वाजता बाई तिसरीचं गणित शिकवायच्या आणि डोंगरातल्या एकोणीस शाळांच्या टीव्हीवर त्या दिसायच्या. बाईंना मात्र काहीच दिसायचं नाही. गोंगाट होतो म्हणून तिकडचे माईक बंद, नेट पुरत नाही म्हणून तिकडचे कॅमेरेही बंद. बाई प्रश्न विचारायच्या, मनातल्या मनात पाच आकडे मोजायच्या आणि काचेकडे बघून म्हणायच्या, "शाब्बास!"

सुरुवातीला त्यांना याचं हसू यायचं. पुढे पुढे ते येईनासं झालं. भाड्याची खोली, एका माणसाचा स्वयंपाक. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. लेक शुभांगी पुण्याला, रविवारी व्हिडिओ कॉल करायची. बोलता बोलता तिचा चेहरा मध्येच थिजायचा, तरी बाई बोलत राहायच्या. संध्याकाळी फिरायला म्हणून निघायच्या आणि एखाद्या शाळेच्या कुंपणापाशी उगीच रेंगाळायच्या. पोरं घंटा होताच उधळायची. त्यातलं एकही त्यांना ओळखत नसे.

एका गुरुवारी सकाळी लवकरच कॅमेरा बिघडला. "आज शाळांना मागचा रेकॉर्ड केलेला तास लावायला सांगितलाय बाई, तुम्ही आराम करा," कॅमेरा सांभाळणारा सचिन म्हणाला. बाईंनी आराम केला नाही. भंडारदऱ्याकडे जाणारी एसटी पकडून त्या एकोणीस शाळांच्या यादीतल्या एका वाडीच्या फाट्यावर उतरल्या. तिथून वीस मिनिटांची चढण.

शाळा दोन खोल्यांची. सोपान गुरुजी एकटेच, पलीकडच्या खोलीत पहिली-दुसरी सांभाळत होते. बाईंना बघून ते गडबडले. त्या म्हणाल्या, "राहू द्या गुरुजी, मी नुसती बघते," आणि अलीकडच्या खोलीच्या दाराशी उभ्या राहिल्या.

अकरा मुलं पाठमोरी बसली होती. समोर टीव्हीवर बाई होत्या, निळ्या साडीतल्या. "बेचाळीसमधून सतरा गेले," टीव्हीतल्या बाई म्हणाल्या, "किती उरले?"

"पस्तीस!" अकरापैकी दहा मुलं एका सुरात ओरडली.

बाईंच्या अंगावर काटा आला. इतके दिवस ही मुलं उत्तर देत होती! रोज, इतक्या जोरात!

"शाब्बास!" टीव्हीतल्या बाई हसून म्हणाल्या. "पंचवीस."

मुलांनी पाटीवरचे पस्तीस पुसले, पंचवीस लिहिले आणि ती आनंदाने पुढच्या गणिताकडे वळली. पुन्हा प्रश्न, पुन्हा चुकीचं उत्तर, पुन्हा शाब्बास. जयमालाबाई चौकटीला धरून उभ्या होत्या.

कोपऱ्यातल्या एका मुलीने मात्र पस्तीस पुसले नव्हते. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा टीव्हीकडे. "बाई," ती हळूच म्हणाली, "तुमी एवढ्या बुटक्या हाय?"

"हो गं. नाव काय तुझं?"

"दिशा."

"तू पुसलं नाहीस ते?"

"सातातून दोन गेले, पाच ऱ्हायले. चारातून एक गेला, तीन. मग पस्तीस का न्हाई?"

"मग विचारायचं ना, दिशा."

"इचारलं की. लई येळा इचारलं." तिने टीव्हीकडे बोट दाखवलं. "त्यांना ऐकू न्हाई येत."

बाईंना तिच्याकडे बघवेना. त्यांनी टीव्ही बंद केला, पिशवीतली काडेपेटी रिकामी केली आणि त्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायला बसल्या. बाकीची पोरंही सरकत सरकत भोवती आली. दोनातून सात काढताना एक गठ्ठा सोडावा लागतो, हे दिशाने स्वतःच्या हाताने गठ्ठा सोडला तेव्हा तिला कळलं. चार वाजताच्या गाडीपर्यंत बाईंनी पाणीसुद्धा मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. "साहेब, मला शाळा द्या. कुठलीही चालेल."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी बाईंना बसवलं, चहा मागवला. "एकोणीस शाळा आहेत, बाई. त्यातल्या सात ठिकाणी एकच शिक्षक. तुम्ही एका शाळेत गेलात तर बाकीच्या अठरांचं काय करू?"

 बाईंनी चहा संपवला. शेवटी म्हणाल्या, "मग रोज एका शाळेचा माईक तरी चालू ठेवा. पाळीपाळीने."

साहेबांनी मान डोलावली.

सोमवारी बाईंच्या कानात पहिल्यांदा एका वाडीतल्या शाळेचा आवाज आला. वारा, कुठेतरी खोकणारी म्हातारी, पत्र्यावर काहीतरी पडल्याचा धाडकन आवाज. बाईंनी प्रश्न विचारला आणि आकडे न मोजता उत्तराची वाट पाहिली. एका मुलाने चुकीचं सांगितलं.

"कसं काढलंस, बाळा? सावकाश सांग, मी ऐकतेय."

तो सांगत होता, मध्येच अडखळत होता. सचिन घड्याळाकडे बोट दाखवत होता. बाईंनी त्याला हाताने थांबवलं. बाकीच्या अठरा शाळा आता नुसत्या पडद्याकडे बघत बसल्या असतील, हे त्यांना ठाऊक होतं. त्यातलं कुणी या क्षणी काही विचारत असेल, तर ते आजही त्यांना ऐकू येणार नव्हतं. शेवटच्या शाळेची पाळी यायला पुरे तीन आठवडे होते.

"हं," बाई म्हणाल्या, "पुढे?"