नानांचा नकार

नानांना पहिल्या खेपेला हो म्हणता येत नसे. चहा पुढे आला की नको, खुर्ची दिली की असू दे, आणि फोरमन केलं तेव्हासुद्धा आपली कुठे एवढी लायकी. समोरच्याने दोनतीनदा आग्रह करायचा आणि मग नानांनी नाइलाज झाल्यासारखी मान डोलवायची, ही गुहागरकडची रीत त्यांनी सौदीतल्या रास तनुऱ्याच्या कॅम्पात अर्धं आयुष्य सांभाळली होती. त्यात त्यांचं कधी अडलं नाही, कारण आग्रह करणारेही कोकणातलेच होते.

अडलं ते रग्बीमुळे. सेफ्टीच्या व्हिसर साहेबांनी, ते दक्षिण आफ्रिकेचे, कॅम्पची सात जणांची टीम काढली होती आणि येत्या शुक्रवारी जुबैलच्या कॅम्पशी मॅच होती. आमच्या लोकांना रग्बीतलं एवढंच कळलं होतं की पळणाऱ्याची पकड करायची आणि दम मोजायला कोणी नाही. तेवढ्या भांडवलावर मेसमध्ये रोज संध्याकाळी निवड समिती बसे. खेळणारे सात आणि निवडणारे साठ. पुढे पळायचं आणि चेंडू मात्र मागच्याला द्यायचा, हे ऐकून नाना म्हणाले होते की हा खेळ फोरमन लोकांनीच काढलेला दिसतो, मागे राहून सगळं हातात येतं.

सहा जणांवर एकमत झालं. घोडं अडलं विंगवर, म्हणजे कडेने पळणाऱ्याच्या जागेवर. एकीकडे लांज्याचा वेल्डर विश्वनाथ, अंगाने भिंत, पण अर्ध्या मैदानात धाप लागणारा. दुसरीकडे नानांचा पुतण्या ज्ञानेश, पाइप फिटर, वाऱ्यासारखा पोरगा. स्कॅफोल्डिंगवाला रणजित विश्वनाथच्या बाजूने घसा ताणायचा. लांज्याचा एकही माणूस टीममध्ये नाही, गावाच्या कबड्डीतसुद्धा प्रत्येक वाडीचा एक घेतात, हा त्याचा मुद्दा. धाप लागते त्याचं काय, असं कोणी विचारलं की तो म्हणे, धाप काय, कोणालाही लागते.

ज्ञानेश या वादात पडला नाही. ड्यूटी संपली की तो कुंपणालगतच्या वाळूत पळायला जायचा. दोन वर्षांपूर्वी नानांनीच त्याला इथे आणला होता, आणि आल्यापासून पोरगा हसला असेल तर तो चेंडू हातात आल्यावर. नानांना ते दिसत होतं. त्याला खेळायला मिळावं असं त्यांना इतकं वाटे की त्यांनी गावी फोन करून आधीच सांगून टाकलं होतं. आनंदीबाईंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, मॅच फोनवर बघायला सगळी वाडी अंगणात बोलावली होती. ज्ञानेशच्या आईने नवं लुगडं काढलं होतं म्हणे, जशी काही तीच दिसणार होती.

बुधवारी साहेब मेसमध्ये आले आणि सगळ्यांसमोर नानांना म्हणाले की तुम्ही या माणसांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता, विंगवर कोण ते तुम्हीच सांगा. नाना उठून उभे राहिले. एवढा मान त्यांना सौदीत पहिल्यांदाच मिळत होता, आणि मान मिळाला की माणसाने जे करायचं तेच त्यांनी केलं.

"सर, ज्ञानेश नको," ते म्हणाले. "माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा आहे."

आणि ते थांबले. आता कोणीतरी म्हणायचं होतं, असं कसं नाना, नात्याचा काय संबंध, पोरगा गुणी आहे. मग नाना म्हणणार होते, तुम्ही सगळे म्हणताच आहात तर बघा. पण आग्रह करायचा तो यजमानाने, आणि मेसमध्ये यजमान कोण? जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला. रणजितने तर भाताचा घास मुद्दाम सावकाश चावला. साहेबांच्या देशात नको म्हणजे नको. त्यांनी नानांचा हात हातात घेतला, तुमच्यासारखा निःपक्षपाती माणूस पाहिला नाही म्हणाले, आणि "खलास, विश्वनाथ" म्हणून निघून गेले.

ज्ञानेश समोरच्याच टेबलावर होता. तो ताट धुवायला उठला.

रात्रभर नाना तळमळले. सकाळी साहेबांना गाठून सगळं सांगायचं असं त्यांनी पक्कं केलं. पण काम सुरू होण्याआधीच्या टूलबॉक्स मीटिंगला साहेबांनी सगळ्या शिफ्टसमोर नानांचंच उदाहरण दिलं, घरच्या माणसाला बाजूला सारणारा खरा फोरमन म्हणून, आणि टाळ्या वाजल्या. टाळ्यांनंतर खरं बोलायला जी छाती लागते ती नानांकडे नव्हती.

शुक्रवारी विश्वनाथ धापा टाकत टाकत दोनदा पलीकडे पोचला आणि कॅम्प जिंकला. रणजित नाचला. नानांनी फोन धरला होता. ज्ञानेश मैदानाच्या कडेला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होता.

"आपला ज्ञानू खेळत का नाही?" आनंदीबाईंनी विचारलं. त्यांच्या मागे अंगणातला गलबला हळूहळू थांबला. "तुम्ही नको म्हणालात," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

त्या संध्याकाळी खोलीत सुरमईचं कालवण होतं आणि वाढायची पाळी ज्ञानेशची होती. विश्वनाथला आणि रणजितलाही जेवायला बोलावलं होतं. पहिली वाढ झाली. ज्ञानेश पातेलं घेऊन पुन्हा फिरला तेव्हा नानांचं पोट अजून अर्धंच भरलं होतं. त्यांनी सवयीने ताटावर हात आडवा धरला, बोटांत चांगली फट ठेवून.

"नको रे, पुरे."

"बरं, नाना," ज्ञानेश म्हणाला, आणि पळी पातेल्यात ठेवून तो विश्वनाथकडे वळला. विश्वनाथही नको नकोच म्हणत होता. ज्ञानेश त्याच्यापाशी गुडघे टेकून बसला, माझी शपथ आहे म्हणाला, आणि त्याने मोठ्यातल्या मोठ्या दोन तुकड्या विश्वनाथच्या ताटात वाढल्या.

नाना कोरडा भात कालवत राहिले.