तुर्सुनायचा उंबरा

गुरुवारी पितरांना तेलाचा वास पोचवायचा, म्हणून तुर्सुनाय कणकेचे चौकोनी बोर्सोक तळायला बसली होती. पिठाच्या डब्याला फोन टेकवलेला. हात कणकेत, डोळे फोनवर. कढईतले चौकोन करपून काळे झाले तरी तिला पत्ता नव्हता.

फोनवर तिचीच लेक होती. सहा दिवसांपूर्वी जिपाराला कॉलेजच्या वाटेवरून चौघांनी गाडीत कोंबून नेलं. त्या घरच्या बायकांनी तिच्या डोक्यावर सुनेचा पांढरा रुमाल बांधला; तिने तो ओढून फेकला. नवरी पळू नये म्हणून तिथली म्हातारी रिवाजाप्रमाणे उंबऱ्यावर आडवी झाली. आपल्याहून मोठ्या माणसाला ओलांडलं की जन्माचा शाप लागतो. जिपारा त्याच दिवशी तिला ओलांडून घरी आली. कोणीतरी ते फोनवर टिपलं आणि जगभर सोडून दिलं. आमच्याकडे मेंढी चोरली तर अख्खं गाव चोराच्या मागे धावतं. मुलगी चोरली तर त्याच घरी जेवायला जातं.

पहिल्यांदा तुर्सुनायने ते रडत रडत शेवटपर्यंत पाहिलं. मग खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचलं. एक तरी बरा शब्द सापडेल म्हणून ती वाचतच राहिली, आणि फोन शिव्याशापांनी भरून वाहू लागला. कोणी मुल्ला, कोणी आजीबाई, सगळ्यांचं एकच पालुपद: दगड पडला तिथेच जड, मुलीने दिल्या घरी राहावं. मॉस्कोत गवंडीकाम करणाऱ्या नवऱ्याचाही फोन आला. इथले आपले सगळे माझ्या तोंडावर थुंकताहेत, पोरीला परत पाठव, म्हणाला. अख्खा देशच उलटलाय म्हटल्यावर एकट्या बाईने काय करायचं? तिने होकार कळवून टाकला. पळवणाऱ्या मुलाची काकू कालबुबू आज सोयरिकीचे कानातले आणि रुमाल घेऊन जिपाराला न्यायला येणार होती.

करपल्याचा वास आला तशी जिपारा आत आली. तिने गॅस बंद केला आणि आपला फोन आईच्या फोनशेजारी ठेवला. त्यावरही तेच दृश्य होतं. पण खाली लिहिणाऱ्या बायका म्हणत होत्या, पोरी, आम्हीही तेव्हा ओलांडायला हवं होतं.

"ह्या कुठल्या बायका?" तुर्सुनायने विचारलं.

"इथल्याच, आई. एक तर आपल्या पलीकडच्या गावची आहे."

"मला कशा नाही दिसल्या?"

"तू शिव्यांपाशी थांबलीस ना. फोनला तुझं रडणं कळत नाही. तू थांबलीस, एवढंच कळतं. मग तो तेच पुन्हा पुन्हा वाढतो."

तुर्सुनायला स्वतःची लाज वाटली. सहा दिवस ती स्वतःच्या हाताने लेकीवरच्या शिव्या फोनवर ओढून आणत होती.

"म्हणजे देश तुझ्या बाजूने आहे?"

"ते मलाही ठाऊक नाही. मला माझ्यासारख्याच दिसतात." जिपाराने दोन्ही फोन पालथे केले. "देशाचं राहू दे. तू काय म्हणतेस, ते सहा दिवसांत एकदाही बोलली नाहीस."

बाहेर गाडी थांबली. तुर्सुनायने पिठाचे हात झग्याला पुसले, दारापर्यंत गेली आणि सावकाश, गुडघे सांभाळत, आपल्याच उंबऱ्यावर आडवी झाली.

कालबुबू दोन सुनांना घेऊन आली आणि थबकली. ती तुर्सुनायहून पाच वर्षांनी लहान होती.

"हे काय भलतंच, आपा? उंबरा मुलाकडचे अडवतात. आणि तुम्ही शब्द दिलाय."

"दिला होता. चुकले. आता लेक हवी असेल तर मला ओलांडून जा."

कालबुबूचा उचललेला पाय जागच्या जागी खाली आला. मागच्या सुनेने फोन वर धरला. तुर्सुनायला तो दिसला. आता हे कोणाला दिसेल, कोणाला किती दिसेल, नवरा काय वाचेल, यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं.

"काढ गं पोरी," ती पडल्या पडल्या म्हणाली. "पण मी उठेपर्यंत काढ. अर्धंच दाखवू नकोस."

बायका गाडीत जाऊन बसल्या. गाडी मात्र हलली नाही. जिपाराने आतून उशी आणली आणि आईच्या डोक्याखाली सरकवली. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, गाडी तिथेच होती. तुर्सुनायही उठली नाही.