टेबलावरची घरघर

मित्रांनो, वर बघू नका. मी छतावरचा नाही. मी एक जुना पंखा आहे खरा, पण बिस्किटाएवढा, एका लहानशा गेमिंग लॅपटॉपच्या पोटात स्क्रूने आवळलेला. तुम्हाला 'मित्रांनो' म्हणतो, कारण आत्मवृत्तात तशी रीत आहे. मनापासून म्हणत नाही. स्क्रीनवरची चित्रं बघून तुम्ही "वा!" म्हणता आणि माझा आवाज आला की "काय कटकट आहे ही!" म्हणता. अशांना मित्र कसं म्हणायचं?

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एका बाईने मला फिरवलं, कान जवळ आणला, नाक मुरडलं आणि माझ्या एका पात्यावर गोंदाचा बारीक ठिपका ठेवला. त्या ठिपक्याने माझा तोल जमला. माझं एवढं नीट ऐकणारी ती पहिली. दुसरी भेटायला पुष्कळ काळ जावा लागला, आणि ती भेटली तेव्हा माझा जीव घ्यायलाच बसली होती.

माझं काम समजून घ्या. माझ्या शेजारी ग्राफिक्सची चिप राहते. स्क्रीनवरची चित्रं तीच काढते आणि काढताना तापते. तिच्या डोक्यावर तांब्याची पट्टी आहे. त्या पट्टीला जोडलेली नळी तिची उष्णता माझ्यापर्यंत आणते. लॅपटॉपच्या तळाच्या जाळीतून मी थंड हवा ओढतो आणि मागच्या फटींतून गरम हवा बाहेर टाकतो. किती जोरात फिरायचं हे मी ठरवत नाही. चिपच्या आत तापमापक आहे. कोणत्या तापमानाला किती वेग, हे माणूस आखून देतो आणि मी हुकूम पाळतो. चिप सत्याऐंशी अंशांना पोचली की आपणहून हात आखडते, काम हळू करते. तरीही तापत राहिली तर लॅपटॉप स्वतःला बंद करतो. लहान लॅपटॉपात जागा कमी, म्हणून माझ्यावर भार जास्त. एवढं ध्यानात ठेवा. पुढचं सगळं भांडण यावरच आहे.

माझा पहिला धनी घरातला मुलगा. तो गेम लावायचा, मी पूर्ण वेग घ्यायचो आणि तो ओरडायचा, "विमान सुटलं!" माझ्या आयुष्यातली स्तुती ती तेवढीच. रंगकामाच्या मऊ ब्रशने तो माझी धूळ काढायचा. मग त्याला जहाजाच्या इंजिनखोलीत नोकरी लागली. निघताना त्याने लॅपटॉप बायको आणि बहीण यांच्या मधोमध ठेवला आणि म्हणाला, "दोघींनी मिळून वापरा." जहाजावर चढणाऱ्याला असं बोलून निघून जाता येतं.

बायको, म्हणजे घरातली वहिनी, न बांधलेल्या खोल्यांची चित्रं करते. नकाशा आला की ती त्यात भिंती उभ्या करते, खिडकीतून ऊन आत आणते, खुर्चीची सावली पाडते. हे सगळं मोजून पक्कं चित्र तयार करायला चिपला तासन्‌तास लागतात. बहीण, म्हणजे तिची नणंद, डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. पलीकडच्या खोलीत सासूबाईंचा टीव्ही, म्हणून दोघींना हीच खोली. भिंतींवर नणंदेने रजया टांगलेल्या, टेबल एक, लॅपटॉप एक. वहिनीचं चित्र आत शिजत असायचं आणि नणंद त्याच लॅपटॉपला माइक जोडून वाचायला बसायची.

"वहिनी, तुमची गिरणी बंद करा. राजकन्या बोलतेय की दळण चाललंय, कळत नाही मुलांना."

"माझी कुठली? तुमच्या बंधूंची आहे, वन्सं. त्यांना तार करा."

एरवी त्या एकमेकींना अगं-तुगं करत. रागावल्या की अहो-जाहो सुरू व्हायचं. माझ्या कानांवर अहो-जाहोच जास्त पडलं.

मग युद्ध माझ्या वेगावर आलं. नणंदेने प्रोग्राम उघडून आखलं: सत्तर अंशांपर्यंत पंखा गप्प. मी गप्प बसलो की चिप सत्तरीच्या वर जायची, मी धडपडत उठायचो, ती जरा निवली की पुन्हा गप्प. वर-खाली, वर-खाली. तिच्या प्रत्येक वाक्यात मी निराळ्या पट्टीत ओरडत होतो. वहिनी आली की आकडे पुसायची आणि मला कायम पूर्ण वेगात ठेवायची. संध्याकाळी नणंद पुन्हा गप्प करायची. मला वाटायचं, या दोघींना एकदा माझ्या जागी बसवावं.

सासूबाईंनी एकदा दारातून डोकावून विचारलं, "तुम्ही भांडताय की ते यंत्र?"

"यंत्रच," दोघी एकदम म्हणाल्या. एकमत झालं ते माझ्याविरुद्ध.

अशातच वहिनीला वास्तुरचनाकारांच्या एका मोठ्या कार्यालयातून बोलावणं आलं. पक्की नोकरी होती. त्यांनी परीक्षा म्हणून काम दिलं: रुग्णालयातल्या लहान मुलांच्या कक्षाची चित्रफीत करायची, दारातून शिरून प्रत्येक खाटेजवळून फिरत खिडकीपर्यंत. शुक्रवारी पाचपर्यंत पाठवायची. 'उशिरा आलेलं काम उघडलं जाणार नाही,' असं त्यांनी लिहिलं होतं. तिने ते वाक्य कपाटावर चिकटवलं. याआधी अशीच एक नोकरी तिच्या हातची गेली होती, कारण चिपने हात आखडला आणि चित्र दुसऱ्या दिवशी तयार झालं.

शुक्रवारी सकाळी तिने काम लावलं, मला पूर्ण वेगात सोडलं आणि सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

नणंदेला एक धडा संपवायचा होता. या वेळी तिने माझ्या आकड्यांना हात लावला नाही, हे मला सांगितलं पाहिजे. तिने फक्त आवाज मारायचा फोम आणला, भिंतीला लावतात तो मऊ, खाचांचा, आणि लॅपटॉप त्यावर ठेवला. टेबलातून माइकमध्ये जाणारी थरथर थांबावी एवढाच हेतू. लॅपटॉपचे पाय फोममध्ये रुतले आणि तळाची जाळी बुजली. माझ्या तोंडावर बोळा कोंबला गेला.

आता एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. हवा मिळाली नाही की माझ्यासारखा पंखा दमत नाही. ढकलायला हवाच नसल्याने तो हलका होऊन आणखी जोरात फिरतो आणि त्याचा सूर चढतो. सूर चढलेला ऐकून नणंद पुटपुटली, "आज अंगातच आलंय याच्या," आणि तिने फोमचा दुसरा तुकडा मागच्या फटींना टेकवला.

चिपने हात आखडला. मग पाय गाळले. मग सगळा अंधार.

वहिनी परतली तेव्हा नणंद काळ्या स्क्रीनसमोर बसली होती. वहिनीने लॅपटॉप उचलला. खालचा फोम गरम लागला.

"गळा दाबलात," ती म्हणाली. "मला नोकरी लागू नये म्हणून."

"मी आवाजासाठी ठेवला होता. थरथर येते माइकमध्ये."

"राजकन्येसाठी? इथे माझं आयुष्य पणाला लागलंय आणि तुम्हाला राजकन्या सुचते!"

"माझं काम म्हणजे काम नाही का? उठता-बसता तुमचीच चित्रं!"

सासूबाई डोळ्यांत औषध घालून पलंगावर आडव्या होत्या. तिथून त्या म्हणाल्या, "मला दिसत नाहीये, पण ऐकू येतंय. आधी ते चालू करा."

लॅपटॉप चालू झाला. तयार झालेले तुकडे शाबूत होते. उरलेले पाचपर्यंत बसले असते, चिप न थांबता चालली तर. वहिनीने फोम फेकून दिला, मला पूर्ण वेग दिला आणि तापमानाच्या आकड्याकडे बघत बसली. आकडा चढतच गेला. ब्याऐंशी. चौऱ्याऐंशी. तिने लॅपटॉपवर पुठ्ठ्याने वारा घालायला सुरुवात केली.

"पुठ्ठा थांबव," नणंद म्हणाली. ती डोळे मिटून उभी होती. "याचा सूर अजून वरच आहे. तू पूर्ण वेगात सोडतेस तेव्हा तो खाली असतो, भरीव. रोज ऐकते मी, जीव नकोसा होईपर्यंत. याला अजून हवा मिळत नाहीये."

"आता पंख्याचं गाणंही शिकवा."

"तू उचल फक्त!"

वहिनीने लॅपटॉप तसाच चालू ठेवून मागून उचलून धरला. तळाच्या जाळीत फोमचा चुरा अडकला होता, मीच ओढून घेतलेला. नणंदेने भुवयांचा चिमटा आणला आणि कण न्‌ कण वेचला. माझा सूर उतरला, तसा तिचा चेहराही. मग तिने मागच्या पायांखाली दोन खोडरबरं सरकवली, खाली बोटभर फट राहिली आणि मी पोटभर हवा घेतली. शहाऐंशीला टेकलेला आकडा माघारी फिरला. चौऱ्याहत्तरवर येऊन तो थांबला. तिथेच राहिला.

तासभर मी एकाच सुरात घुमत राहिलो. नणंदेने कंटाळून हेडफोन चढवले, माइक लावला, चार वाक्यं वाचली आणि प्रोग्राममध्ये काहीतरी दाबलं. मग तिने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं.

"गेला."

"कोण गेला?" वहिनी दचकली.

"पंखा गेला. आवाजातून. हा एकसारखा असला की त्याचा नमुना घेऊन वजा करता येतो. वर-खाली होतो तेव्हाच येत नाही."

"म्हणजे पूर्ण वेगात राहिला असता तर..."

"एकसारखा. हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?"

"आणि तू याला गप्प कशाला करत होतीस?"

नणंदेने हेडफोन पुन्हा कानांवर चढवले. पाचला थोडा अवकाश असताना चित्रफीत गेली. वहिनीला नोकरी लागली आणि तिथे तिला मोठा, हवेशीर संगणक मिळाला. तिने नणंदेचे आभार मानले नाहीत. नणंदेनेही फोमबद्दल माफी मागितली नाही. त्या अजूनही अहो-जाहो करतात, आता न्हाणीघराच्या पाळीवरून.

मी नणंदेच्या वाट्याला आलो. ती मला एकाच वेगात ठेवते, अगदी चिप रिकामी बसलेली असतानाही. वाचण्याआधी ती क्षणभर गप्प राहते आणि फक्त मला ध्वनिमुद्रित करते, मला वजा करण्यासाठी. शेकडो मुलं तिची पुस्तकं ऐकतात. त्यातल्या प्रत्येक वाक्याखाली मी फिरलेलो आहे, आणि एकालाही ऐकू येत नाही.

तर मित्रांनो, माझ्यावर प्रेम करा असं मी म्हणणार नाही. ते तुम्हाला जमणारं नाही. पलंगावर, रजईवर, मांडीवरच्या उशीवर लॅपटॉप ठेवून माझं तोंड बुजवू नका. महिन्याकाठी ब्रशने माझी धूळ काढा. मला शिव्या द्या, मला वजा करा. पण मला हवा द्या.