कण्याखालचे पाणी

माझ्या सासऱ्यांच्या शिडाच्या नावेवर खोली व वेग दाखवणारी जी दोन यंत्रे होती, त्यांच्या काचा उन्हाने इतक्या धुरकटल्या होत्या की आतील आकडा वाचण्यासाठी सुकाणू सोडून गुडघ्यांवर बसावे लागे. सासऱ्यांची जवळची नजर आधीच मंदावलेली. एकदा ते असेच वाकले असता नाव धक्क्याला घासली, आणि सासूबाईंनी घरात जाहीर केले, "बसल्या जागेवरून आकडा वाचता आला तर नाव ठेवायची. नाही तर विकायची. पुन्हा रडारड नको."

सासऱ्यांनी अट मान्य केली. परंतु त्या दिवशी त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

माझा व्यवसाय घड्याळदुरुस्तीचा. त्यामुळे नवी यंत्रे बसवण्याचे कार्य ओघानेच मजकडे आले. खरे सांगायचे तर ते मीच मागून घेतले, कारण पाण्याचा तळ न पाहता त्याची खोली यंत्राला कशी कळते, हे कुतूहल मला पुष्कळ दिवस सतावत होते. सोबत आलेल्या पुस्तिकेवरून उलगडा झाला. नावेच्या तळाशी बसवलेला सेन्सर खाली आवाज सोडतो, तो तळावर आपटून परत येतो, आणि परतण्यास लागलेल्या वेळावरून खोली ठरते.

"म्हणजे विहिरीत हाक मारल्यासारखं," सासूबाई म्हणाल्या.

"अगदी तसेच, आई."

"मग हाक ऐकू कशी येत नाही आपल्याला?"

या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेत होते, तथापि ते मला नीटसे समजले नव्हते, म्हणून मी पाना हाती घेतला.

सेन्सर बदलायचा म्हणजे पाण्यावर तरंगत असलेल्या नावेच्या तळातून जुना उपसून काढायचा, आणि उघड्या पडलेल्या भोकात क्षणाचाही विलंब न लावता नवा खुपसायचा. सासरे वर होते. खाली मी आणि नवा सेन्सर हाती घेतलेल्या सासूबाई. मी जुना उपसताच मनगटाएवढी जाड धार उसळून थेट माझ्या तोंडावर आली.

"आई, द्या!"

"अहो, सरळ का उलटा?"

"त्यावरचा बाण पुढे!"

त्यांनी माझ्या हातात न देता तो स्वतःच भोकात दाबला. धार थांबली. आम्ही दोघे नखशिखान्त भिजलो होतो. वरून आवाज आला, "बुडालो का?"

"अजून नाही," सासूबाई ओरडल्या. "जावई तेवढे बुडाले."

वेगाचा सेन्सर म्हणजे पाण्याने फिरणारे एक चिमुकले चाक. जुन्या चाकाच्या पात्यांमध्ये शिंपल्यांनी संसार थाटला होता. नवे चाक फुंकरीनेही फिरे. ते मी बराच वेळ फिरवत बसलो, हे येथे नमूद करतो.

शेवटी वर येऊन मी नवे पडदे सुरू केले. आकडे तळहाताएवढे मोठे. पुस्तिकेप्रमाणे खोली दोन प्रकारे दाखवता येत होती: पाण्याच्या पृष्ठभागापासून, अथवा नावेच्या तळाखाली जो जड कणा असतो त्याच्या खालून. मी दुसरा प्रकार निवडला आणि सासऱ्यांस सांगितले, "बाबा, आता हा आकडा कण्याखालचं पाणी दाखवतो. वजाबाकी करायची नाही."

"हो, हो," ते म्हणाले. त्यांचे लक्ष वाऱ्याकडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेस निघालो. सासूबाई परीक्षक म्हणून, सासरे वाकतात का हे पाहण्यासाठी, त्यांच्यासमोर पडद्यांकडे पाठ करून बसल्या.

"वेग?"

"साडेचार," सासरे ताठ बसून म्हणाले.

"साडेचार? इतकी वर्षं तर सहा सांगत होतात."

"यंत्र नवीन आहे. बुजतंय."

"लग्न ठरवताना पगारही असाच सांगितला होता."

येथवर परीक्षा उत्तम चालली होती. परंतु बंदराबाहेर जेथे पाण्याखाली वाळूचा उंचवटा आहे तेथे नाव पोहोचली आणि सासऱ्यांनी एकाएकी सुकाणू असे वळवले की शीड फडफडले, थर्मास आडवा झाला व सासूबाई माझ्या अंगावर आल्या.

"काय झालं?"

"पाणी संपलं! कणा टेकणार होता!"

मी पडद्याकडे पाहिले. नाव खोल पाण्यात वळली होती आणि आकडा चार झाला होता.

"चार आहे," मी म्हणालो.

"आत्ता आहे. तेव्हा दीड होता."

सासूबाईंनी आडवा थर्मास उभा केला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, दिसलं नाही तुम्हाला. सांगा ना सरळ."

"दिसलं. दीड."

"मी भांडत नाहीये."

त्या भांडत नव्हत्या, हेच भयंकर होते. सासऱ्यांनी मान फिरवली. नाव हातची जाणार, हे आम्हा तिघांनाही कळून चुकले.

मात्र माझ्या मनात एक प्रश्न घड्याळातील कचऱ्यासारखा अडकून राहिला. दीड मीटर कण्याखाली शिल्लक असेल, तर कणा टेकेल कसा? मी म्हणालो, "बाबा, त्याच जागी पुन्हा जाता येईल?"

"आणि रुतलो तर?"

"भरती चढतेय," सासूबाईच म्हणाल्या. "रुतलो तरी सुटू. न्या."

सासऱ्यांनी धक्क्याचे टोक आणि त्यामागील कारखान्याची दूरची चिमणी एका रेषेत आणली, शीड सैल सोडले, आणि नाव हळूहळू तेथे येऊन थबकली. मी पेटीतून शिशाचा गोळा बांधलेली दोरी काढली. सासूबाईंनी ती माझ्या हातून घेऊन पाण्यात सोडली. गोळा तळाला टेकताच त्यांनी दोरी चिमटीत धरली, वर ओढली आणि भिजलेला भाग मोजला.

"तीन मीटर. दीड कुठाय?" एवढे म्हणून त्या वळल्या आणि पडद्याकडे पाहताच थांबल्या. "अगंबाई. इथे दीडच आहे."

"मी तेच सांगत होतो," सासरे म्हणाले.

"बाबा, दीड दिसल्यावर तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? कणा दीड मीटरचा. वजा केला. उरलं शून्य."

मला हसू आवरेना. "बाबा, तो कणा यंत्राने आधीच वजा केलाय. काल सांगितलं होतं."

"कधी?"

"तुम्ही हो म्हणालात."

सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरील चिंता सरली आणि तेथे नेहमीचा अधिकार येऊन बसला. "म्हणजे डोळे शाबूत आहेत. गेलेत ते कान, आणि ते मला लग्नापासून माहीत आहे."

"मग नाव?" सासऱ्यांनी विचारले. आवाज अगदी बारीक होता.

"नाव राहील. पण जावईबुवा, त्या यंत्राला पृष्ठभागापासूनच मोजू द्या. यांचा हिशेब आता बदलायचा नाही."

मी बटण दाबले. दीडाचे तीन झाले. सासऱ्यांनी तो आकडा मोठ्याने वाचला, कोणी विचारले नसतानाही.

आता परतावे असे मला वाटले. सासूबाई मात्र दोरी गुंडाळत नव्हत्या. गोळ्याच्या खळग्यात चिकटून आलेली वाळू त्या बोटावर घेऊन न्याहाळत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्या पलीकडच्या खडकापाशी किती असेल?"

"पुष्कळ."

"पुष्कळ म्हणजे किती?"

सासऱ्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी नाव तिकडे वळवून शीड ताणले.