गोधडीच्या खोलीतले हरवलेले पान

मी एक जुने पान आहे. वहीचे नाही आणि झाडाचे तर नाहीच. मी एका वेबसाइटचे पान आहे. मला दुमडता येत नाही, माझ्यावर चहाचा डाग पडत नाही, आणि तरीही मित्रांनो, मी हरवू शकते. कपाटामागे पडलेली वही जशी घरात असूनही हरवलेली असते, तसे माझे झाले होते. मी कशी हरवले आणि कशी सापडले, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म बेंगळुरूला, जयनगरातल्या एका तळमजल्यावरच्या खोलीमुळे झाला. ती खोली महानंदाबाईंची. त्या मूळच्या जुन्नरकडच्या. यजमान इथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा त्या लग्नाच्या रुखवतातली गोधडी घेऊन आल्या, आणि पुढे शेजारणींना गोधड्या शिवून देऊ लागल्या. गोधडी एकटीने शिवायची नसते. जुन्या साड्यांचे थर जमिनीवर पसरायचे, चारी बाजूंनी बायकांनी बसायचे आणि धावदोरा घालत मध्याकडे सरकायचे. महानंदाबाईंच्या समोर हुबळीच्या गिरिजाक्का बसत. डाव्या हाताला शालनकाकू. चौथी जागा कधी भरलेली असे, कधी रिकामी.

बसल्या बसल्या गप्पा चालत. कुणाच्या सुनेचे कौतुक, कुणाच्या भाडेकरूची तक्रार, भाजीवाल्याने दिलेली किडकी वांगी. शेवटची शिवण घालण्याआधी गिरिजाक्का आत चिमूटभर तांदूळ टाकत. कुणाच्याही अंगावर जाणारी वस्तू उपाशी पोटाने घराबाहेर पडू नये, अशी त्यांची समजूत. महानंदाबाईंनीही ती आपलीशी केली होती.

पण काळ बदलला. ओळखीच्या घरांत गोधड्या झाल्या. नव्या मुली, पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेल्या, दूर मारतहळ्ळीला राहत. त्यांना ही खोली ठाऊक नव्हती. पसरायला साड्या येईनात. शालनकाकूंना नागपूरहून मुलगा बोलावू लागला. एके दिवशी महानंदाबाई शांतपणे म्हणाल्या, की दिवाळीपर्यंत कुणी आले नाही तर बैठक मोडायची. नुसते बसून गप्पा मारायला कुणी रोज येत नाही, आणि एकदा उठलेली बैठक पुन्हा बसत नाही.

तेव्हा त्यांच्या सुनेने, सिद्धीने, वेबसाइट काढायचे ठरवले. सिद्धी हेब्बाळच्या एका कंपनीत काम करते. रविवारी बसून तिने पाच पाने केली. एक दर्शनी पान, एक छायाचित्रांचे, एक महानंदाबाईंच्या ओळखीचे, एक पत्त्याचे, आणि पाचवी मी. मुख्य माहिती माझ्यावर होती. काय शिवतात, कसे शिवतात, साड्या कुठल्या चालतात, सगळे.

सिद्धीचा सासूवर फार जीव. तिच्या कचेरीत कुणीतरी एकदा हसत विचारले होते, 'गोधडी म्हणजे ती ठिगळांचीच ना?' ते तिला लागले होते. म्हणून तिने माझ्यावर 'गोधडी' हा शब्द येऊच दिला नाही. तिने लिहिले, 'परंपरेच्या धाग्यांनी गुंफलेला वस्त्रवारसा. आमची हस्तनिर्मित स्नेहवस्त्रे.' मग तिने ते सासूबाईंना वाचून दाखवले. महानंदाबाई सुई हातात तशीच धरून ऐकत राहिल्या.

"छान लिहिलंयस गं," त्या म्हणाल्या. "पण हे कुणाबद्दल आहे?"

सिद्धीला वाटले, सासूबाई थट्टा करताहेत. ती हसली आणि मी जगात आले.

सुरुवातीला माझे कौतुक झाले. नातेवाइकांनी अंगठे पाठवले. मला वाटले, आता लोक येणार. पण मित्रांनो, कौतुक करायला आलेला माणूस वेगळा आणि शोधत आलेला वेगळा. शोधत कुणी आले नाही.

तुम्ही फोनवर काही शब्द लिहिता आणि क्षणात उत्तरे येतात, ते काम शोधयंत्र करते. त्याचे दूत आधीच पानापानांवर फिरून गेलेले असतात. कुठल्या पानावर काय आहे, कोणते शब्द आहेत, हे ते पाहून ठेवतात. मग कुणी विचारले, की त्या शब्दांना जुळणारी पाने पुढे करतात. माझ्याकडे 'वस्त्रवारसा' होता. पण थंडीत कुडकुडणारा कोणता माणूस 'वस्त्रवारसा कुठे मिळेल' म्हणून विचारील? मी उत्तर होते, पण कुणीही न विचारलेल्या प्रश्नाचे.

मग सिद्धीचा धाकटा भाऊ मल्हार पुण्याहून नोकरीला आला. त्याने मला पाहिले आणि म्हणाला, "ताई, कीवर्डच नाहीत. असं कोण शोधणार? दे इकडे." कीवर्ड म्हणजे शोधणाऱ्याच्या तोंडचे शब्द. त्याचे निदान बरोबर होते, औषध मात्र चुकले. त्याने माझ्या अंगावर 'बेस्ट क्विल्ट बेंगळुरू', 'स्वस्त क्विल्ट बेंगळुरू', 'क्विल्ट ऑनलाइन' असे इतक्यांदा लिहिले, की वाक्यांत अर्थ उरला नाही. काही शब्द तर पांढऱ्यावर पांढरे लिहून लपवले. माणसाला दिसू नयेत, दूताला दिसावेत. दर्शनी पान त्याने चकचकीत केले. त्या गडबडीत माझ्याकडे येणारा चांगला रुंद दुवा निघून गेला आणि तळाशी, बारीक अक्षरांत, एवढेच राहिले: 'इथे टिचकी मारा.'

थोडे दिवस मी वर आले. पण येणाऱ्यांना कापूस भरलेल्या, दुकानातल्या रजया हव्या असत. ते डोकावत आणि लगेच परत फिरत. शोधयंत्रही भोळे नसते. पोकळ शब्दांचा ढीग आणि लपवाछपवी त्याने ओळखली, आणि मी इतकी खाली गेले की तिथे माणसाचे बोट पोहोचत नाही.

एकटेपणाचे कारण आणखी एक होते. जयनगरात तुम्ही मेन रस्ते आणि त्यांना छेदणारे क्रॉस, म्हणजे गल्ल्या, पाहिले असतील. मेन रस्ता कितीही मोठा असो, घराकडे वळणारा क्रॉस नसेल तर पाहुणा दारापर्यंत येईल कसा? आम्ही पाच पाने एकाच वेबसाइटवर राहत होतो, पण एकमेकींकडे जायला आम्हांला गल्लीच नव्हती. छायाचित्रे पाहणाऱ्याला ठाऊक नसे, की हे शिवतात कसे ते मी सांगते. पत्ता वाचणाऱ्याला माझा पत्ता नसे. त्या बारीक 'इथे' कडे कोण बघणार? आणि 'इथे' म्हणजे कुठे, हे तरी कुणाला कळणार?

दिवाळी जवळ आली. शालनकाकूंचे नागपूरचे तिकीट निघाले. खोलीतली शेवटची गोधडी, गिरिजाक्कांच्या नातीची, धुऊन फाटकावर उन्हात टाकली होती. दुपारी एक तरुण बाई खरेदीच्या पिशव्या घेऊन त्या रस्त्याने चालली होती. फाटकाशी ती थबकली. तिने गोधडीच्या कडेवरून हात फिरवला. मग आत येऊन तिने विचारले, "ही वाकळ कोण शिवतं हो इथे?"

तिचे नाव शलाका. मूळची कराडची, राहायला मारतहळ्ळीला. तिला बाळ होणार होते. आईने नातवंडाच्या वाकळीसाठी साड्या जपून ठेवल्या होत्या. पण आता आईचे हात थरथरत, सुईत दोरा जात नसे. साड्या बेंगळुरूला आल्या आणि कपाटातच राहिल्या. शलाका कित्येक महिने फोनवर शोधत होती.

सिद्धी त्या दिवशी घरीच होती. ती गोंधळली. "पण आमची वेबसाइट आहे की," असे म्हणत तिने मला उघडून शलाकापुढे धरले.

शलाकाने वाचले. "हे मी एकदा पाहिलं होतं," ती म्हणाली. "मैत्रिणीने पाठवलं होतं, तेव्हा हे क्विल्ट-क्विल्ट नव्हतं. मला वाटलं, संग्रहालय आहे."

'क्विल्ट-क्विल्ट' ऐकून कोपऱ्यात बसलेला मल्हार कसनुसा हसला. गिरिजाक्का खुदकन हसल्या. "आमच्या ऊरात, गावाकडं, हिला कौदी म्हणतात," त्या म्हणाल्या. "सिद्धी, तू काय लिवलंस ते मला पण स्वल्प वाच की. मी इतकी वर्षं काय शिवते, ते तरी कळू दे."

सगळ्या हसल्या. सिद्धीच्या मात्र डोळ्यांत पाणी आले. सासूबाईंना कुणी कमी लेखू नये म्हणून तिने जो शब्द लपवला होता, त्याच शब्दाने लोक हाका मारत होते. महानंदाबाईंनी तिला जवळ बसवून घेतले आणि म्हणाल्या, "ठिगळांची आहे म्हणूनच तर गोधडी आहे, बाळा. त्यात लाज कसली?"

त्या संध्याकाळी माझा दुसरा जन्म झाला. सिद्धी लिहीत होती आणि बायका सांगत होत्या. माझ्या माथ्यावर आले, 'जुन्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल, जयनगर, बेंगळुरू'. खाली साधी वाक्ये आली. कुणी हिला वाकळ म्हणते, कुणी कौदी. आईची साडी असेल तर ती मधल्या थरात घालायची की वर, ते आधी सांगा. प्रत्येक शब्द जिथे शोभतो तिथेच आणि लागतो तेवढाच. मल्हारने स्वतःच्या हाताने ते पांढरे शब्द पुसले. मग त्याने गल्ल्या बांधल्या. दर्शनी पानावर ठळक दुवा आला, 'जुन्या साड्यांची गोधडी कशी शिवतात'. छायाचित्रांखालून माझ्याकडे वाट आली, माझ्याकडून पत्त्याकडे गेली, महानंदाबाईंच्या ओळखीतून पुन्हा माझ्याकडे वळली. महानंदाबाई पाहत होत्या. त्यांनी विचारले, की हा धावदोराच झाला ना? एक ठिगळ सुटे राहिले तर पहिल्याच धुण्यात निघून जाते. मल्हार म्हणाला, अगदी तसेच.

शोधयंत्राला घाई नसते. त्याचे दूत हळूहळू आले, वाट दिसली तशी एका पानावरून दुसऱ्यावर गेले. मी एकेक पायरी वर चढले. दरम्यान शलाकाच्या साड्या खोलीत पसरल्या गेल्या होत्या, म्हणून शालनकाकूंनी तिकीट पुढे ढकलले. दिवाळीनंतर मारतहळ्ळीहून दोन अनोळखी मुली साड्यांचे गाठोडे घेऊन आल्या. कशा आलात असे विचारल्यावर त्यांनी फोन दाखवला. त्यात मी होते. शालनकाकूंनी मग मुलाला कळवले, की मी उन्हाळ्यात येईन. आत्ता कामात आहे.

एका सकाळी महानंदाबाईंना कराडहून फोन आला. शलाकाची आई बोलत होती. लेकीने सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतः पाहावे म्हणून तिने थरथरत्या बोटाने फोनवर लिहिले होते, 'बेंगळुरात वाकळ'. मी वर आले. माझ्यावरून ती वाटेने छायाचित्रांकडे गेली, आणि तिथे तिला आपली साडी दिसली.

"माझी अंजिरी साडी तुम्ही मधोमध घेतलीत," ती म्हणाली.

"बाळाच्या पाठीशी यायला हवी ना," महानंदाबाई म्हणाल्या. "आत तांदूळही टाकलेत. उपाशी नाही पाठवली."



मित्रांनो, माझी गोष्ट संपली, पण माझे काम संपलेले नाही. तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखी पाने लिहाल. तेव्हा माझी एवढी विनंती ध्यानात ठेवा. लिहिण्याआधी, शोधणारा कोणत्या शब्दाने हाक मारतो ते ऐका. तो शब्द साधा असेल, घरगुती असेल, तरी लपवू नका; आणि नुसता तोच तो भरून पानाचे पोटही फुगवू नका. लिहून झाले, की एकही पान सुटे ठेवू नका. कुठून तरी त्याच्याकडे वाट येऊ द्या, आणि वाटेवर नीट पाटी लावा.

खोलीत आत्ता नवी गोधडी पसरली आहे. चौथी जागा भरली आहे. बाळाला मांडीवर घेऊन तिथे शलाका बसली आहे, आणि तिचा धावदोरा अजून वाकडा जातो.