बर्फावरचं आख्यान

"आन् ह्यो काळा कोट घालून कोन चालला वो, अण्णा?"

"मामलेदार," प्रोजेक्टरच्या मागून चनबसप्पा म्हणाला. "पंचनाम्याला निगालाय."

मंद्रूपच्या पलीकडं, बहात्तरच्या दुष्काळातल्या खडी फोडायच्या कामावर, दिवेलागणीला दोन खांबांमध्ये पडदा ताणला होता. दिवसभर हातोडे चालवून बायकांच्या हातांना फोड आले होते, तरी पेंग्विनची ती डुलती चाल बघून त्या हसल्या. सरकारी सिनेमाच्या गाडीतली खतांची नि कुटुंबनियोजनाची रिळं संपली की चनबसप्पा हे परदेशी रीळ लावी. त्यातला साहेब इंग्रजीत बोले. चनबसप्पा त्याचा आवाज बंद करी आणि स्वतः सांगे. सोलापुरात कुठंही कीर्तन असलं की हा माणूस पुढच्या रांगेत. त्यामुळं त्याच्या तोंडी रिळाचंही आख्यान होऊन जाई.

धरणीच्या पार खालच्या टोकाला एक समुद्र आहे, तो सांगत होता. त्याच्यावर बर्फाचं छत. छताच्या पोटाला शेवाळ धरतं, तेच तिथलं पीक. ते खाऊन बारके झिंगे वाढतात, झिंग्यांवर मासे, माशांवर हे पक्षी, आणि देवमाशासारखा अजस्र जीवसुद्धा त्या बारक्या झिंग्यांवरच जगतो. पण एका साली हवा फिरली. बर्फ धरलाच नाही. मग शेवाळ कुठलं, झिंगा कुठला नि मासा तरी कुठला?

"आपल्यावानीच की," म्हातारी गुरम्मा म्हणाली. "पानी न्हाय तर कडबा न्हाय. कडबा न्हाय तर म्हस न्हाय."

हसू तिथंच विरलं. पडद्यावर पिलाला आईपाशी सोडून बाप चारा आणायला लांबच्या पाण्याकडं निघाला होता. चनबसप्पाची नजर पडद्यावरून घसरली आणि मांडीवर पोर घेऊन बसलेल्या महानंदावर जाऊन थांबली.

पडदा बांधताना तिचा भाऊ कोंडीबा त्याला बाजूला घेऊन बोलला होता. महानंदाचा नवरा सिद्धप्पा दिवाळीच्या आधी हुबळीकडं काम शोधायला गेला तो गेलाच. निरोप नाही, खबर नाही. मांडीवरचं पोर जुलाबानं वाळून चाललं होतं. कोंडीबा तिला बार्शीला न्यायला आला होता. तिथं दवाखाना जवळ, घरी शेळीचं दूध. पण बाई हलेना. ते आले नि आपण हितं नसलो तर शोधतील कुठं, एवढंच तिचं पालुपद. कोंडीबानं चक्क हात जोडले होते. "तुमचं ऐकंल ती. तेवडं सांगा, अण्णा, त्यो काय आता येत न्हाय म्हून." चनबसप्पानं मान डोलावली होती.

रिळाचा शेवट त्याला पाठ होता. बाप येत नाही. वाट बघून बघून आई उठून जाते, पिलू बर्फावर आडवं होतं, वरून भुरभुर बर्फ पडत राहतो. कोंडीबाचं काम परस्पर होणार होतं. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं.

महानंदा तोंड किंचित उघडं ठेवून बघत होती. पोराच्या अंगावर घालायला घेतलेला पदर हातात तसाच राहिला होता. त्यानं जन्मभर ऐकलेली आख्यानं अशी दुःखात सोडून दिलेली नव्हती. बुवा रडवतात खरे, पण देव धावून आल्याशिवाय आरतीला हात लावत नाहीत.

त्यानं लेन्ससमोर तळहात धरला. पडदा काळा झाला.

"फिल्लम खराब हाय हितं," तो म्हणाला आणि आवाज चढवून पुढं सांगू लागला. बाप आला. अंगावर बर्फाचे थर, पाय सोललेले, पण चोच भरलेली. एवढ्या पिलांच्या कालव्यात त्यानं आपलं पिलू नुसत्या आवाजावरून ओळखलं. बायकांनी डोळे पुसले. कुणीतरी हरहर महादेव म्हटलं.

पडदा सोडताना महानंदा पोराला घेऊन आली.

"खरंच आला का वो त्यो?"

अजूनही वेळ गेली नव्हती. कोंडीबा तिच्या मागंच उभा होता, चनबसप्पाच्या तोंडाकडं बघत.

"आला की," चनबसप्पा म्हणाला. "बाप हाय त्यो."

सकाळी कोंडीबा त्यांच्याच गाडीतून सोलापूरला आला, एकटाच. उतरताना ड्रायव्हर पीरसाबला त्यानं हात केला, चनबसप्पाकडं पाहिलंसुद्धा नाही. तो गर्दीत दिसेनासा झाल्यावर पीरसाब म्हणाला, "अण्णा, फिल्लम खराब नव्हती. मी बघत होतो."

शिवरात्र होऊन गेल्यावर गाडी पुन्हा त्या कामावर गेली. भर दुपार होती. मुकादमानं न विचारताच सांगितलं. पोर त्याच आठवड्यात गेलं. सिद्धप्पा काही आला नाही. मातीला भाऊ आला होता. त्याच्यासोबत जायचं तिला आता काही कारणच उरलं नव्हतं.

खडीच्या ढिगांतून वाट काढत चनबसप्पा तिच्यापाशी गेला. तिनं वर पाहिलं आणि ओळखलं. रडली नाही, बोल लावला नाही. हातोडा खाली ठेवून तिनं विचारलं,

"अण्णा, त्या पक्ष्याचं पिल्लू जगलं न्हवं?"

याही वेळी जगलं म्हणणं सोपं होतं.

"न्हाय, माय," तो म्हणाला. "बाप आलाच न्हाय. त्यो शेवट माज्या मनचा. तुजा भाऊ खरं बोलत हुता."

चहूकडं हातोडे चालले होते. मग ती आपल्या गोणपाटावरून जराशी सरकली.

"बसा," ती म्हणाली. "उनात हुबं ऱ्हाऊ नका."

तो बसला. तिनं हातोडा उचलला, आणि कपच्या त्याच्या डोळ्यांत उडू नयेत म्हणून त्याच्याकडं पाठ करून दगड फोडू लागली.