गुरुवारची बशी

ग्लेनिस ऑर्मरॉडला डार्नलीत येऊन आठ महिने झाले होते, आणि आठही महिने तिच्या पायांचे तुकडे पडत होते. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या इस्पितळात तीस वर्षे नर्स म्हणून राबली, मग नवरा गेला दुसरीकडे, घर विकले गेले. चौपन्नाव्या वर्षी कुणी म्हणाले कॅनडात नर्स हव्यात, तर ही बॅग भरून निघाली. इथे सस्कॅचवानच्या सपाट माळावर बारा खाटांचे इस्पितळ, आणि चौघींचे काम दोघींच्या गळ्यात. पाळी संपली की ती घरी येऊन बूटही न काढता खुर्चीत बसून राही. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक फॉर्म लटकत होता. अजून दोन वर्षे राहणार की परत जाणार, ते पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचे होते. तिने मनात परत जायचे ठरवूनच टाकले होते. परत कुणाकडे, हे मात्र स्वतःला विचारले नव्हते. तेवढे विचारायलाही अंगात त्राण लागते.

इथल्या खाण्याबद्दल तिची तक्रार नव्हती. हॉकीच्या मैदानावरच्या खिडकीत पुटीन मिळे. गरम चिप्स, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या लांब फोडी, त्यावर चीजचे गोळे, वरून तपकिरी ग्रेव्ही. चिप्सवर ग्रेव्ही ओतणे रॉचडेललाही ठाऊक होते, पण दाताखाली कुरकुर वाजणारे ते चीज तिला नवे होते. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा ती बाकावर एकटीच हसली होती. सॅस्काटून बेरीची पाई तर ती रात्रीच्या जेवणाऐवजी खाई आणि कुणाला सांगत नसे.

रड होती ती गुरुवारची.

शेजारच्या घरात ऑरिसिया मेल्निचुक राहायची. वय एकोणऐंशी, विधवा, आवाज ट्रॅक्टरसारखा. तिचे आजोबा युक्रेनमधून इथे शेती करायला आले होते. ग्लेनिस राहायला आली त्याच आठवड्यात ही बाई एक बशी घेऊन दारात उभी राहिली. बशीत स्तुदेनेत्स होते. डुकराचे पाय दिवसभर उकळायचे, हाडे वेचून काढायची, लसूण घालून थिजवायचे, की राखाडी, थुलथुलीत वडी तयार होते. ग्लेनिसने एक घास तोंडात घातला आणि तो कसाबसा गिळला.

"कसं झालंय?" ऑरिसियाने विचारले.

"वा! फारच छान," ग्लेनिस म्हणाली.

आता हिला दुसरे काही म्हणता आले असते का? इंग्रज बाईच्या पायावर कुणी पाय दिला तर ती आधी स्वतःच माफी मागते. तोंडदेखले बोलणे हे तिच्या अंगवळणी पडलेले, आणि समोरच्याने ते तोंडदेखले आहे हे ओळखावे अशी तिच्याकडे रीत. डार्नलीत तसली रीत नाही. इथे छान म्हणजे छान.

ऑरिसियाचे डोळे भरून आले. "माझी पोरं तोंड वाकडं करतात गं. माझा नवरा वसिल गेल्यापासून हे खाणारं माणूसच राहिलं नव्हतं."

झाले. तेव्हापासून दर गुरुवारी बशी येऊ लागली. ग्लेनिस छान म्हणे, दार लावी, आणि बशी मागच्या अंगणात रिकामी करी. तिथले मॅगपाय पक्षी आठवड्याचे वार शिकले.

इस्पितळातली डार्लीन म्हणायची, "ऑरिसियाची पेरोगी खाल्लीस की नाही? नसलीस तर तू इथं राहून केलंस काय?" ग्लेनिसने एकदा धीर करून ऑरिसियाकडे पेरोगीचा, बटाटा भरून उकडलेल्या त्या पुरचुंड्यांचा, विषय काढलाही.

"पेरोगी काय, सगळेच खातात!" ऑरिसियाने हात झटकला. "तू दर्दी आहेस. तुला मी ते कशाला देऊ?"

त्या बुधवारी संध्याकाळी ऑरिसियाला इस्पितळात आणले. उकळते पातेले उतरवताना हातातून सुटले होते. उजवा हात मनगटापर्यंत भाजला होता, पावलावर फोड आले होते. पाळीवर ग्लेनिसच होती. ती जखम धुऊ लागली.

"या आठवड्यात तुला उपास गं पोरी," ऑरिसिया दात आवळून म्हणाली. "सगळं जमिनीवर सांडलं. सहाच्या सहा पाय!"

ग्लेनिसचे हात थांबले. अकरा तास ती उभी होती, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हते, आणि समोरचा लालबुंद हात तिच्या एका खोट्या शब्दामुळे भाजला होता. सभ्यपणालाही थोडी ताकद लागते, ती तिच्यात उरली नव्हती.

"ऑरिसिया, मला ते आवडत नाही. पहिल्या दिवसापासून नाही. मी ते पक्ष्यांना घालते. माझ्यामुळे तुम्हाला हे झालं. मला माफ करा."

ऑरिसियाने तिच्याकडे पाहिले, मग तोंड भिंतीकडे फिरवले.  पुढचे पाच दिवस ती पट्टी बदलायला येई आणि छताकडे बघत बसे. ग्लेनिस रोज घरी जाऊन फ्रिजवरचा फॉर्म बघे. निदान आता निर्णय सोपा झाला, असे स्वतःला सांगे, आणि मग सिंकपाशी उभी राहून रडे.

सहाव्या दिवशी, मंगळवारी, ऑरिसिया बोलली.

"खोटं बोललीस त्याचा राग नाही मला."

"मग?"

"वसिल गेल्यावर मी दुपारपर्यंत अंथरुणात पडून असायची. उठायचं कुणासाठी? तू छान म्हणालीस आणि मी बुधवारी पहाटे पाचला उठायला लागले." तिचा ट्रॅक्टरचा आवाज पार खाली आला होता. "आता सांग, बुधवारी उठून मी करू काय?"

 ग्लेनिस चिकटपट्टीचे टोक शोधत राहिली.

"तुला आवडतं तरी काय?" ऑरिसिया खेकसली.

तीस वर्षे ग्लेनिस लोकांना विचारत आली होती, दुखतंय का, पाणी हवं का, उशी सरकवू का. तिला हे कुणी विचारल्याचे आठवेना.

"पेरोगी," ती म्हणाली. "म्हणजे, बहुतेक. मी खाल्लीच नाहीत अजून."

"आठ महिन्यांत नाही? अगं बये!" ऑरिसियाने कपाळाला चांगला हात लावला. "परवा चर्चच्या तळघरात ये. रविवारी गावजेवण आहे. दोनशे डझन करायचीत आणि माझा हात हा असा. बोटं आहेत ना तुला?"

गुरुवारी ग्लेनिसला सुटी होती, आणि खरे तर तिला झोपायचे होते. पण ती गेली. लांब टेबलांभोवती पंधरा-वीस बायका पीठ लाटत होत्या, वाटीने गोल कापत होत्या, आत बटाटा आणि चीज भरून करंजीसारखे मिटून कडा चिमटीने दाबत होत्या. ऑरिसिया मधोमध खुर्चीवर, पाय स्टुलावर, आणि तोंडाचा पट्टा चालू.

"हे कुणी केलं? तोंड उघडंय याचं!"

"तुमच्या इंग्रज बाईनं," डार्लीन म्हणाली. "माणसांना टाके घालते आणि पेरोगी मिटता येत नाहीत!"

सगळ्या हसल्या. ग्लेनिसही हसली, आणि पुढचे जोर लावून दाबले. तीन तासांनी पाठ मोडायला आली तेव्हा कुणीतरी उकडून काढलेल्या पहिल्या खेपेतली सहा तिच्या पुढ्यात ठेवली. वर लोण्यात परतलेला कांदा, बाजूला आंबट सायीचा गोळा. तिने एक खाल्ले. मऊ, गरम, साधे. थकव्याने की कशाने, डोळ्यांतून पाणी येऊ लागले. ती खातच राहिली.

"कसं झालंय?" ऑरिसियाने विचारले.

"छान. फारच छान."

 ऑरिसियाने डोळे बारीक केले. "हे तेच छान का?"

ग्लेनिसने बशीकडे पाहिले. एकच उरले होते. ते तिने सावकाश चावले.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "आणि मला अजून सहा हवीत."

ऑरिसिया खुर्ची हलेपर्यंत हसली. मग भाजलेल्या हाताने बशी पुढे ढकलत म्हणाली, "मीठ कमी म्हणे! पुढच्या वर्षी तूच घाल."

"घालीन की," ग्लेनिस म्हणाली. बोलून गेल्यावर तिला फ्रिजवरचा फॉर्म आठवला, आणि आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आले. मग तिने काटा उचलला, आणि बशी भरून येण्याची वाट बघत बसली.